गेममधला पहारेकरी कुणाच्या बोलीत बोलतो?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली: मोबाइलवर नि कॉम्प्युटरवर खेळले जाणारे गेम, त्यांतली पात्रं, आणि त्या पात्रांच्या तोंडी घातलेली भाषा. पत्रं खानापूर, निपाणी, गोकाक आणि बेळगावची आहेत. चारही सीमाभागातली, यात मला योगायोग दिसत नाही. समोरचा कुठल्या भाषेत बोलला आणि का बोलला, हे आपल्याकडं लहान पोराच्याही लगेच ध्यानात येतं. नेहमीप्रमाणं नावं छापलेली नाहीत.

*

बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, बारावीला आहे. रात्री अभ्यास झाला की आम्ही मोबाइलवर लढाईचा गेम खेळतो. टीममध्ये चौघं असतात आणि माइकवर बोलत खेळायचं असतं. पुण्या-मुंबईकडचे मराठी खेळाडू टीममध्ये आले, की मी तोंड उघडलं की हसतात. परवा मी ‘मागनं यालेत बघ, सरक की बाजूला’ असं ओरडलो, तर एक जण म्हणाला, ‘अरे, गेममधला गावकरी बोलायला लागला.’ तेव्हापासून मी माइकवर हिंदीच बोलतो. माझी हिंदी काही धड नाही, पण कुणी हसत नाही. मी करतोय ते बरोबर आहे का?

तुझं ते वाक्य मी मोठ्यानं म्हणून बघितलं. शत्रू कुठनं येतोय आणि सोबत्यानं काय करायचं, दोन्ही एका दमात सांगितलंस. ऐन लढाईत याहून नेमकं मराठी मला तरी सुचलं नसतं. तेव्हा आपल्या बोलण्यात काही उणं आहे, हे आधी डोक्यातनं काढून टाक.

‘गेममधला गावकरी’ हे शब्द मात्र नीट ऐकण्यासारखे आहेत. ती मुलं तुला ओळखत नाहीत. त्यांनी कधी खानापूर बघितलं नसेल. तरी तुझा हेल कानावर पडल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढं एक ठरलेला माणूस उभा राहिला. तो माणूस त्यांना मालिकांनी दिला, रील्सनी दिला, विनोदी कार्यक्रमांनी दिला. कोल्हापूर-बेळगावकडचा हेल म्हणजे पैलवान, नाहीतर गावगुंड, नाहीतर भोळाभाबडा शेतकरी. त्याच हेलात रोग्याला तपासणारा डॉक्टर किंवा युक्तिवाद करणारा वकील त्यांनी पडद्यावर ऐकलेलाच नाही. बेळगावात असे डॉक्टर-वकील गल्लोगल्ली आहेत. पडद्यावर त्यांची पात्रं झाली की त्यांच्या तोंडी पुण्याची मराठी येते.

कॅनडातल्या माँट्रियल शहरात वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६० साली प्रसिद्ध झाला. ते शहरही आपल्यासारखंच दोन भाषांचं, तिथं इंग्रजी आणि फ्रेंच. त्यांनी दोन्ही भाषा सफाईनं बोलणारी माणसं निवडली, प्रत्येकाकडून एकच मजकूर दोन्ही भाषांत वाचून घेतला आणि ते आवाज विद्यार्थ्यांना ऐकवले. हा माणूस तोच आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. नुसत्या आवाजावरून त्यांनी ठरवायचं होतं की कोण हुशार, कोण भरवशाचा, इतकंच काय, कोण उंच. माणूस इंग्रजीत वाचत होता तेव्हा तो जास्त हुशार वाटला, उंचही वाटला. इंग्रजी घरांतल्या विद्यार्थ्यांना तसं वाटलं, यात नवल नाही. पण फ्रेंच घरांतल्या विद्यार्थ्यांनीसुद्धा बहुतेक बाबतींत फ्रेंच आवाजांनाच कमी गुण दिले. त्यांच्याच भाषेतले आवाज, त्यांच्याच घरात रोज ऐकू येणारे.

तुझं पत्र वाचताना मला काळजी वाटली ती याच जागी. ती चार पोरं हसली, त्याचं मला फार काही नाही. तू माइकवरनं आपला आवाज काढून घेतलास, त्याचं आहे. हिंदी बोलायला काहीच हरकत नाही. आपल्याकडची माणसं दिवसात तीन-चार भाषा बोलतात आणि ती आपली कमाई आहे. टीममध्ये हिंदीवाला असेल तर जरूर हिंदी बोल. पण टीम मराठी असेल आणि तू लाजेपोटी धड न येणाऱ्या भाषेत शब्द शोधत बसलास, तर हाक अर्धा सेकंद उशिरा जाईल, आणि त्या गेममध्ये अर्ध्या सेकंदात माणूस मरतो. पुढच्या डावात तुझ्याच मराठीत बोल. कुणी हसलं तर ‘जिंकायचंय का हसायचंय’ एवढंच विचार आणि खेळत राहा. तरी त्रास देत राहिले तर त्यांचा आवाज बंद करायची सोय त्याच पडद्यावर आहे, ती वापर.

*

बाई, मी निपाणीची. माझा मुलगा आठवीत आहे. तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो, नाहीतर दुसरे खेळतात ते व्हिडिओ बघतो. त्यातल्या पात्रांच्या नकला फार हुबेहूब करतो. मध्ये त्यानं एका चोराची नक्कल केली आणि त्याला आवाज दिला तो माझ्या सासूबाईंचा. सासूबाईंचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं, त्यांचं बोलणं तिकडचंच आहे. घरात सगळे हसले, त्याही हसल्या. मला मात्र बरं वाटलं नाही. पोरं हे गेममधनं शिकतात का?

ताई, गेम थेट शिकवतात असं म्हणता येणार नाही. पण कानाला सवय लावतात. ती कशी लागते हे कळायला गेम तयार कसा होतो ते थोडं बघावं लागेल. माझ्या भाच्याचा मुलगा सुट्टीत शहापूरला आमच्याकडं राहतो. तो खेळत असताना मी शेजारी खुर्ची टाकून बसते, अडेल तिथं विचारते आणि वही भरते. त्यातनं जे कळलं ते सांगते.

मोठ्या गेममध्ये शेकडो पात्रं असतात. बहुतेकांना नाव नसतं. पहारेकरी, दुकानदार, वाटसरू, चोर. खेळणारा जवळनं गेला की ती एखादं वाक्य टाकतात. तेवढ्या वाक्यातनं खेळणाऱ्याला कळायला हवं की हा कोण, याच्यापासून धोका आहे का, याच्याकडं काही विकत मिळेल का. चेहरा लांब असतो, कैकदा माणूस पाठमोरा असतो. मग लिहिणारे आणि आवाज रेकॉर्ड करून घेणारे सगळ्यात सोपा उपाय करतात, तो म्हणजे हेल. ऐकणाऱ्याच्या मनात कुठल्या हेलाला कुठला माणूस आधीच चिकटलाय हे त्यांना ठाऊक असतं. तोच चिकटलेला माणूस ते पुन्हा वापरतात. सिनेमा आपण एकदा बघतो आणि घरी येतो. गेममधला पहारेकरी तेच वाक्य त्याच हेलात शंभरदा ऐकवतो.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला गेम घ्या. त्यातल्या सगळ्या जमाती काल्पनिक आहेत, पण आवाज खऱ्या जगातले आहेत. जादूटोणा करणारे ट्रोल जमैकाच्या लोकांसारखं इंग्रजी बोलतात. बुटके लढवय्ये स्कॉटिश बोलतात. पैशामागं धावणारे गॉब्लिन न्यूयॉर्कच्या हेलात बोलतात. ट्रोल कुठंच नसतात, जमैका मात्र नकाशावर आहे, आणि तिथल्या पोरालाही हा गेम खेळता येतो. आणखी एक गोष्ट भाच्याच्या मुलानं दाखवली. त्या गेममध्ये खेळणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत आणि एका पक्षानं लिहिलेलं दुसऱ्या पक्षाला अगम्य अक्षरांत दिसतं. हसण्यासाठी ‘लोल’ लिहिलं तर एका बाजूला ते ‘केक’ असं दिसायचं. दोन्हीकडं माणसंच खेळतात, एकमेकांचं त्यांना कळलंही असतं. पण कळू नये अशी भिंत मुद्दाम घातली. सीमेवर राहणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटतं ते मी लिहीत नाही, तुम्हीही तिथंच राहता.

दुसरा गेम ‘स्कायरिम’, २०११ सालचा. त्यात खाजीत नावाची मांजरासारखी दिसणारी जमात आहे. त्यांतले व्यापारी बोलताना ‘मी’ म्हणत नाहीत, ‘खाजीतकडं माल आहे’ असं आपल्या जमातीचंच नाव घेऊन बोलतात. शहरातले लोक त्यांना चोर समजतात, म्हणून त्यांचे तंबू वेशीबाहेर. लिहिणाऱ्यांनी हा अन्याय आहे असंच दाखवलंय, तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. पण व्हिडिओंमधनं पोरांच्या तोंडी कुठली गोष्ट बसली? ते वाक्य बसलं. वेशीबाहेरचा अन्याय बसला नाही. नक्कल करता येते ती हेलाची, अपमानाची करता येत नाही.

‘ड्रॅगन एज’ या मालिकेनं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं. २००९च्या पहिल्या गेममध्ये त्यांनी नेहमीची वाट सोडली आणि बुटक्यांना स्कॉटिशऐवजी अमेरिकन इंग्रजी दिलं. २०११च्या दुसऱ्या गेममध्ये रानात भटकणाऱ्या, एल्फ नावाच्या काल्पनिक जमातीच्या टोळ्यांना वेल्श आणि आयरिश हेल मिळाले. इंग्लंडच्या सत्तेखाली ज्यांच्या भाषा दाबल्या गेल्या अशा लोकांचे ते हेल. भूमी हिरावलेल्या लोकांना तो आवाज द्यावा, हे मी समजू शकते. मग २०१४ साली तिसरा गेम आला. त्यात खेळणारा स्वतः त्या टोळीत जन्मलेला नायक होऊ शकतो. नायकाचा आवाज निवडायचा तर पर्याय कुठले? एक अमेरिकन, एक ब्रिटिश, आणि तोही शिष्टसंमत. म्हणजे टोळी आपल्या हेलात बोलते आणि त्याच टोळीतला नायक साफ इंग्रजी बोलतो. नायक व्हायचं असेल तर आईची बोली घरी ठेवून यावं लागतं. हे कुणी वाईट हेतूनं केलेलं नसणार. प्रत्येक जमातीसाठी नायकाची हजारो वाक्यं वेगळ्या आवाजात रेकॉर्ड करायची तर खर्च केवढा येईल! पण खर्च वाचवायची वेळ आली तेव्हा कुणाचा आवाज गळाला, ते बघा.

गेमवाल्यांच्याही आधीपासून हे चालत आलंय. रोझिना लिप्पी-ग्रीन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिस्नेच्या २४ कार्टून चित्रपटांतली ३७१ पात्रं तपासली होती. अमेरिकन इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांत साधारण पाचातलं एक दुष्ट निघालं. परक्या हेलात इंग्रजी बोलणाऱ्यांत हेच प्रमाण दुप्पट, पाचातली दोन. ती कार्टून बघत वाढलेली पोरं पुढं गेम लिहायला बसली. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये भारताचा म्हणून जो धलसिम आहे, त्याच्या गळ्यात कवट्यांची माळ, मागं हत्ती, आणि तोंडातनं आग सोडताना आरोळी ‘योगा फायर’. एवढ्या मोठ्या देशाच्या वाट्याला आलेली ती आरोळी. भाषेचं असं दुर्लक्ष पाट्यांपर्यंतही जातं. २००९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’मध्ये कराची शहर दाखवलंय आणि पाट्या अरबीत आहेत. कराचीत उर्दू चालते. गावाच्या पाटीवर कुठली भाषा आहे यानं काय फरक पडतो, हे बेळगाव जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता तुमच्या मुलाचं. त्याला रागावू नका. तो नक्कल हुबेहूब करतो म्हणजे त्याचा कान तयार आहे, आणि असा कान फार थोड्यांना असतो. तो खेळत असताना शेजारी बसा आणि एक वही द्या. जे पात्र बोलेल त्याचं लिहायचं: कसं बोलतो, काम काय करतो, त्याला नाव आहे का, आणि गोष्टीत त्याच्या म्हणण्यानं काही ठरतं का. आमच्याकडं हे सुरू केलं तेव्हा पहिल्या पानावरच तो पोरगा थांबला नि म्हणाला, ‘आज्जी, नोकर सगळे एकसारखेच बोलतात की.’ मला काही सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट सासूबाईंसाठी. नक्कल बंद करू नका, पात्र बदला. गेममधल्या सेनापतीची, राणीची, वैद्याची वाक्यं मराठीत करा आणि ती सासूबाईंना त्यांच्या बोलीत म्हणायला लावा, मुलाला रेकॉर्ड करायला सांगा. वखारीत काम केलेल्या बाईला हुकूम सोडता येत नसेल असं मला मुळीच वाटत नाही. निपाणीच्या तंबाखू आणि विडी कामगार बायकांनी संप केलेत, मोर्चे काढलेत, मालकांपुढं उभं राहून मागण्या मांडल्यात. त्या मागण्या त्यांनी याच बोलीत मांडल्या. हे तुमच्या मुलाला माहीत आहे का? नसेल तर त्याला आजीकडनंच ऐकू द्या, आणि ‘तुम्ही त्यात होता का’ हेही विचारू द्या.

*

मी गोकाकचा. मातृभाषा कन्नड, मराठी शेजाऱ्यांमुळं शिकलो आणि तुमचं सदर वाचतो. बेळगावी मराठीची चेष्टा होते असं तुम्ही नेहमी लिहिता. आमच्या उत्तर कर्नाटकच्या कन्नडचंही तेच आहे. बंगळुरूकडं आमची भाषा विनोदापुरती. हे तुमच्या वाचकांना ठाऊक आहे का?

अण्णा, काहींना ठाऊक आहे, बऱ्याच जणांना नाही, म्हणून तुमचं पत्र अगत्यानं छापते आहे. कन्नड सिनेमात बेळगाव-धारवाडकडचं ‘हौद्री’ (हो), ‘बर्री’ (या) बहुतेक वेळा हसवणाऱ्याच्या, नाहीतर खेड्यातनं शहरात आलेल्या माणसाच्या तोंडी असतं, आणि नायक म्हैसूर-बंगळुरूकडचं बोलतो. मराठीतही कानडी हेलाचं मराठी उडुपी हॉटेलवाल्याच्या पुढं फारसं सरकलेलं नाही. आपल्याच गल्लीत दख्खनी उर्दू बोलणारे आहेत, त्यांचं ‘नक्को’ नि ‘कायकू’ ऐकलं की लोक आधी हसतात नि मग ऐकतात. एकाच बाजारात राहणारे आपण तिघं, तीन वेगवेगळ्या राजधान्यांच्या पडद्यांवर विनोदी पात्रं आहोत. आपसात भांडायला आपल्याला पुष्कळ कारणं दिली गेली आहेत. या बाबतीत मात्र आपली तक्रार एक आहे, आणि ती एकत्र मांडावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही कन्नडमध्ये याविषयी लिहिलंत तर मराठीत मी ते आनंदानं आणीन.

*

बाई, मी बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघं मित्र एक छोटा गेम करतोय. आठवडी बाजारात एक मुलगा येतो आणि आजोबांचं कर्ज फेडण्यासाठी वस्तूंची देवाणघेवाण करत जातो, अशी गोष्ट. संवाद मी लिहिलेत. मुलगा शुद्ध मराठी बोलतो, भाजीवाली बेळगावी, रिक्षावाला दख्खनी आणि सावकार कानडी हेलाचं मराठी. मित्रांना फार आवडलंय, पण माझ्या मनात किंतु आहे. सगळ्यांना शुद्ध मराठी द्यावं का?

नको. सगळ्यांना एकच मराठी दिलंस तर तो बाजार बेळगावचा राहणार नाही, आणि ज्यांना गेममध्ये आपला आवाज कधी मिळालाच नाही त्यांचा तू पुन्हा काढून घेशील. बोली ठेव. तुझ्या यादीत चूक वेगळी आहे. एकेका बोलीला तू एकच काम दिलंयस, आणि चांगलं काम नेमकं त्या मुलाला दिलंयस जो कुठल्याच बोलीत बोलत नाही. बाजाराजवळ वाढलेला बेळगावचा पोरगा असं पुस्तकी कशाला बोलेल? पहिला बदल तिथं कर. नायक त्याच्या आजोबांसारखा बोलू दे.

सावकाराचं तर आजच बदल. सावकार कुठल्याही भाषेचा असतो, आणि आपल्या जिल्ह्यात लुबाडणाऱ्याला शेजाऱ्याचा हेल देणं म्हणजे नको ते पेरणं. दुष्ट माणसाचा दुष्टपणा त्याच्या व्याजाच्या हिशेबात दिसू दे.

आता भाजीवाली. गणपत गल्लीच्या तोंडाशी मी जिच्याकडनं मेथी घेते ती बाई जवळच्या खेड्यातनं येते. परवा तिच्यापुढं मी थोडा वेळ उभी राहिले. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला ती म्हणाली, ‘तगोर्री अक्का, इप्पत्त रुपायी.’ बुरखा घातलेल्या एका मुलीला म्हणाली, ‘लेव की भाभी, बीस कू देती.’ मला म्हणाली, ‘घ्या की वो बाई, सकाळीच काढल्यात.’ पेंडी तीच, भाव तोच. मध्येच फोन वाजला, तो कॉलेजात शिकणाऱ्या लेकाचा होता. त्याला म्हणाली, ‘फी भरलास काय? पावतीचा फोटो काढून धाड.’ मग एकानं पैसे ऑनलाइन देतो म्हटलं, तर पाटीखालचा क्यूआर कोड पुढं करून पैसे जमा झाल्याचा आवाज येईपर्यंत पेंडी हातातनं सोडली नाही. माणूस ओळखणं, भाषा निवडणं, हिशेब ठेवणं, आणि फसवणुकीवर नजर, सगळं एका वेळी. तुझ्या संवादांत तिला काय दिलंयस? तू पाठवलेले कागद मी वाचले. तिला एकच ओळ आहे, ‘ताजी भाजी घ्या की वो’, आणि ती दर फेरीला तीच म्हणते.

तुझ्या गेमची खरी गंमत या बाईकडं आहे. नायकाला एकाच भाषेत सगळ्यांशी बोलू देऊ नकोस. समोर कोण आहे ते बघून मराठीत बोलायचं, कन्नडमध्ये की दख्खनीत, हे खेळणाऱ्याला निवडू दे. बरोबर निवडलं तर समोरचा खुलतो, भाव कमी होतो, एखादी बातमी मिळते. चुकीचं निवडलं तरी अपमान होऊ नये, समोरच्यानं हसून आपल्या भाषेत उत्तर द्यावं आणि पोरानं दोन शब्द शिकून पुढं जावं. आपल्याकडं बाजारात असंच होतं. भाजीवालीला ती भाषा शिकवणारी गुरू कर. ती नायकाला सांगू शकते, ‘त्यो कानडी हाय, त्याला अण्णा म्हण, मग बघ.’

लिखाणाची एक खुबी सांगते. पडद्याखाली अक्षरांत संवाद दाखवताना भाजीवालीचंच बोलणं जसं ऐकू येतं तसं मोडून लिहायचं आणि शिकलेल्या पात्राचं मात्र व्याकरणातनं काढून छापायचं, असं करू नकोस. शिकलेला माणूसही बोलताना ‘मला म्हाईत नाही’ म्हणतो, ‘बघूया ना’चं ‘बघूयाना’ करतो. त्याचे उच्चार आपण प्रेमानं दुरुस्त करून छापतो आणि तिचे तसेच ठेवतो. एक नियम ठरव आणि तो सगळ्यांना लाव.

हेल कुणाच्या तोंडी घालायचा हे लिहिणाऱ्याच्याच हातात असतं. ‘क्रोनो ट्रिगर’ या जपानी गेममधला बेडूक झालेला सरदार १९९५च्या इंग्रजी आवृत्तीत शेक्सपिअरच्या काळातलं इंग्रजी बोलायला लागला, मूळ जपानीत तो तसला जुन्या थाटाचा बोलतच नव्हता. भाषांतर करणाऱ्यानं त्याला दर्जा दिला. ‘नी नो कुनी’ गेममधला ड्रिपी नावाचा छोटा सोबती इंग्रजीत वेल्श हेलात बोलतो, आणि तो चोरही नाही, नोकरही नाही. तो वाट दाखवतो, नायकाला झापतो, आणि पोरं त्याच्यावर जीव टाकतात. असं काम एका तरी बोलीला तुझ्या गेममध्ये मिळू दे. अलास्कातल्या इनुपिआट लोकांबरोबर बसून केलेला ‘नेव्हर अलोन’ हा २०१४चा गेम तुम्ही तिघांनी खेळून बघा. त्यात गोष्ट सांगणारा आवाजच इनुपिआक भाषेत आहे, बाकी जगानं खालची अक्षरं वाचावीत. २०२४च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये पात्रांचे आवाज फारसीत ऐकायची सोय झाली. पर्शियाच्या नावानं गेम येऊ लागले १९८९पासून, आणि तिथल्या भाषेला तिथं पोचायला इतकी वर्षं लागली.

आवाजासाठी नाटकातल्या मुलांकडनं बेळगावी, दख्खनी, कानडी हेल काढून घेऊ नका. नक्कल करणारा नेहमी तीच दोन-चार खूण पटणारी वळणं ओढून ओढून वापरतो आणि बाकीची बोली हरवते. बाजारातल्याच माणसांना विचारा. दुपारी दोननंतर गर्दी ओसरते, तेव्हा संवाद वाचून दाखवा, ती जिथं म्हणतील ‘आम्ही असं न्हाई म्हणत’ तिथं वाक्य बदला. रेकॉर्डिंगसाठी आतली खोली आणि दारावर दोन गोधड्या टांगल्या तरी भागतं. त्यांचा अर्धा दिवस मोडेल, तेवढ्या धंद्याचे पैसे आधीच हातात द्या. शेवटच्या नामावलीत नायकाचा आवाज देणाऱ्याच्या खालीच, त्याच मापाच्या अक्षरांत, त्यांची नावं घाला. दख्खनी आणि कन्नड संवाद त्या त्या घरातल्या माणसाकडनं तपासून घ्या. गोकाकच्या ज्या वाचकांचं पत्र वर छापलंय, त्यांना मी तुमच्याविषयी कळवलं आहे आणि कन्नड वाक्यं बघून द्यायला ते तयार आहेत.

चाचणी आवृत्ती झाली की घेऊन ये. सावकाराचा नवा संवाद मला आधी ऐकायचा आहे.